दारासमोरच्या रस्त्याचा हिशेब

जुन्या गल्लीत रस्ता किती वेळा झाला, हे मनपाच्या फायलीत शोधायची गरज नसते. ओट्याच्या पायऱ्या मोजल्या की कळतं. घर बांधलं तेव्हा दोन पायऱ्या होत्या. पहिल्यांदा खडी-डांबर झालं, खालची पायरी निम्मी बुडाली. मग सिमेंटचा रस्ता आला, तो जुन्या डांबरावरच ओतला, सहा इंचांचा. पायरीची उंचीही साधारण सहाच इंच, म्हणजे आणखी एक पायरी गेली. त्यावर कुणाच्या तरी निधीतून गट्टू बसले. आता उंबरा आणि रस्ता एका पातळीत आहेत, आणि मृगाच्या मोठ्या सरीला घरातली माणसं उंबऱ्याशी मातीची पोती रचतात.

या घरमालकाच्या हातात कुणी बिल दिलं की ‘तुमच्या दारापुढचा रस्ता झाला, तुमचा वाटा इतका’, तर तो काय म्हणेल हे सांगायला नको. पण त्या मागणीमागचा विचार वेडगळ नाही. जगात कितीतरी शहरं असा वाटा घेतात, आणि आपल्या कायद्यातही तो कधीपासून लिहिलेला आहे. गोम आहे ती वाटा कसा मोजायचा आणि आधी काय दिलंय ते कोण मोजणार, यात.

अमेरिकेत या पद्धतीला ‘स्पेशल असेसमेंट’ म्हणतात. गल्लीतला रस्ता उखडून नवा करायचा असेल तर खर्चाचा काही भाग सगळ्या शहराच्या करातून येतो आणि उरलेला त्या रस्त्याला लागून असलेल्या मिळकतींवर वाटला जातो. मिनेसोटा राज्यात यासाठी कायद्याचं ४२९ क्रमांकाचं अख्खं प्रकरण आहे. रस्त्यालगतच्या दर्शनी लांबीपैकी किमान ३५ टक्के लांबीच्या मालकांनी अर्ज केला, तर नगर परिषद साध्या बहुमताने काम मंजूर करू शकते. अर्ज नसेल आणि परिषदेने आपणहून काम काढलं, तर मात्र चार पंचमांश मतं लागतात. सुनावणी होते. आकारणी मान्य नसलेल्या मालकाला सुनावणीआधी किंवा सुनावणीतच सही करून लेखी हरकत द्यावी लागते, आणि आकारणी मंजूर झाल्यावर ३० दिवसांत न्यायालयात जावं लागतं. तोंडी आरडाओरडा कितीही केला तरी कागद नसेल तर दार बंद. रक्कम एकरकमी भरायची किंवा व्याजासह हप्त्यांनी. हप्ते ३० वर्षांपर्यंत लांबवता येतात. पासष्टी ओलांडलेल्या आणि ऐपत नसलेल्या मालकाची वसुली लांबणीवर टाकायची सोयही आहे.

या सगळ्याच्या वर एक अट आहे, आणि माझ्या मते सगळा जीव तिच्यातच आहे. मिळकतीला रस्त्यामुळे जितका विशेष लाभ झाला, त्यापेक्षा जास्त पैसे तिच्याकडून घेता येत नाहीत. रस्त्यावर प्रत्यक्षात किती खर्च झाला, हा वेगळा प्रश्न. रस्त्याआधी घराची बाजारात काय किंमत होती आणि रस्त्यानंतर काय झाली, त्या फरकाला आकारणी थांबते. १८९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सिनसिनाटीजवळच्या नॉरवूड या गावाचा खटला आला होता. गावाने एका बाईच्या जमिनीतून ३०० फूट लांब पट्टा रस्त्यासाठी घेतला, तिला २,००० डॉलर भरपाई ठरवली, आणि मग रस्त्याचा खर्च म्हणून तेच २,००० डॉलर, वर खटल्याचा खर्च, तिच्याच उरलेल्या जमिनीवर बसवले. या हाताने द्यायचं आणि त्या हाताने काढून घ्यायचं. न्यायालयाने सांगितलं की लाभापेक्षा बऱ्यापैकी जास्त आकारलेली रक्कम म्हणजे भरपाई न देता मालमत्ता घेणंच.

आपल्याकडे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३०५ बघा. रस्ता खासगी असेल, आणि सपाट केलेला, खडी-फरशी घातलेला, गटार-दिवे असलेला नसेल, तर आयुक्त लगतच्या मिळकतधारकांना नोटीस देऊन ती कामं करायला सांगू शकतात. त्यांनी केली नाहीत तर पालिका करते आणि खर्च त्यांच्यात वाटून वसूल करते. पुढचं कलम असा नीट झालेला रस्ता सार्वजनिक जाहीर करण्याचं आहे. क्रम लक्षात घ्या: मालकांनी एकदा पैसे घालून रस्ता धड करून द्यायचा, त्यानंतर तो शहराचा, त्यानंतरची दुरुस्ती शहराची. नगररचना योजनांचा १९६६ चा राज्याचा कायदा दुसऱ्या वाटेने तिथेच येतो. योजनेमुळे प्लॉटची किंमत जितकी वाढेल, त्या वाढीच्या निम्म्यापर्यंतच रक्कम योजनेच्या खर्चासाठी मालकाकडून घ्यायची. लाभ मोजा, मग मागा, हे तत्त्व परदेशातून आयात करायची काही गरज नाही.

मराठवाड्यात मात्र ही सवय मुरलेली नाही. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली आला तेव्हा औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड निजामाच्या राज्यात होते. तो कायदा इथे लागूच नव्हता. नंतरही इथली शहरं पसरली ती योजनेने कमी आणि सातबाऱ्यावरून गुंठ्या-गुंठ्याने जास्त. रस्ता मिळायचा तो वरून आलेल्या निधीतून. नांदेडचं उदाहरण ठळक आहे. २००८ च्या गुरु-ता-गद्दी या शिखांच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या वेळी शहराचे रस्ते पालटले, केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरसुधार योजनेतून, आणि त्या आकाराच्या शहरांसाठी वाटणी होती केंद्र ८० टक्के, राज्य १०, महापालिका १०. लगतच्या मालकाचा रकाना त्यात नव्हताच. कुणाच्या दुकानाची किंमत किती वाढली हे कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं.

मग इथला मालक रस्त्यासाठी काहीच देत नाही का? देतो. फक्त वेगवेगळ्या खिडक्यांवर, वेगवेगळ्या वर्षी देतो, आणि त्याची बेरीज कुणी मांडत नाही.

छत्रपती संभाजीनगरात सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेलं एन-चार घ्या आणि शेजारी पुंडलिकनगर किंवा जयभवानीनगर घ्या. सिडकोत प्लॉट घेणाऱ्याने रस्ता, गटार, दिवे यांचे पैसे प्लॉटच्या किमतीतच भरले. पुंडलिकनगरात प्लॉट स्वस्त मिळाला, कारण त्यात रस्ता धरलेला नव्हता. शेतमालकाने किंवा मधल्या माणसाने बाँडपेपरवर गुंठा विकला, नकाशावर पंधरा-वीस फुटांची पट्टी ‘रस्ता’ म्हणून सोडली आणि तो मोकळा झाला. हिशेबाच्या भाषेत, रस्त्याची रक्कम तेव्हा थकली. ती सगळी विकत घेणाऱ्याच्या खिशात राहिली असंही नाही. बराचसा फायदा विकणाऱ्याने उचलला, आणि तो माणूस आता कुठल्याच नोटिशीच्या टप्प्यात येत नाही.

पुढे अशा गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या वसाहती नियमित करण्याचा २००१ चा गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वसाहतींसाठी. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली. नियमित करून घ्यायचं तर प्रशमन शुल्क, म्हणजे नियमभंग मिटवायची रक्कम, भरा, विकास शुल्क भरा. बांधकाम परवानगी घेतली तर १९६६ च्या कायद्याखालचं विकास शुल्क वेगळं. मालमत्ता कर दरवर्षी. नळ जोडायचा तर रस्ता फोडण्याचे पैसे. आणि या सगळ्याच्या आधी, ज्याची पावती कधीच नसते ती वर्गणी: पावसाळ्यात गल्लीत टमटम शिरेना, म्हणून घरटी पाचशे-हजार काढून टाकलेला हायवाभर, म्हणजे मोठा डंपरभर, मुरूम. गुंठेवारीतल्या कुठल्याही जुन्या गल्लीने मुरमावर किती पैसे घातले याची बेरीज कुणी केली, तर ती रस्त्याच्या खर्चाच्या आसपास जाईल असं मला वाटतं. तो मुरूम दरवर्षी काळ्या मातीत रुतत गेला.

म्हणून वाटा मागायचाच असेल तर बिलाला दोन बाजू हव्यात. डावीकडे जमा: या मिळकतीने विकास शुल्क म्हणून कधी किती भरलं. उजवीकडे नावे: या रस्त्यात तिचा वाटा किती. एका बाजूचं बिल घेऊन गेलात तर लोक भांडतील, आणि त्यांचं भांडण बरोबर असेल.

आता उजवी बाजू. समजा एक गल्ली १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे. गटार, चेंबर, काँक्रीट मिळून खर्च समजा १८ लाख, आणि चर्चा सोपी राहावी म्हणून सगळा मालकांवर वाटायचा. दोन्ही बाजूंची दर्शनी लांबी, म्हणजे फ्रंटेज, २०० मीटर. म्हणजे फ्रंटेजवर वाटलं तर मीटरला ९,००० रुपये. दोन्हीकडच्या प्लॉटांचं क्षेत्र मिळून २,००० चौरस मीटर असेल आणि क्षेत्रावर वाटलं, तर चौरस मीटरला ९००. ३० प्लॉट असतील आणि सरळ घरटी वाटलं, तर प्रत्येकी ६०,०००.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तो ३३ बाय ३३ चा असेल तर फ्रंटेजने त्याच्यावर सुमारे ९०,५०० येतात. तोच गुंठा २० फूट रुंद आणि ५४ फूट खोल असेल तर फ्रंटेजने ५४,९००, पण क्षेत्राने पुन्हा ९०-९१ हजारांच्या आसपास. जमीन तेवढीच, रस्ता तोच, फरक छत्तीस हजारांचा. अरुंद-खोल प्लॉटवाला फ्रंटेज मागणार, रुंद प्लॉटवाला क्षेत्र मागणार, आणि मोठ्या प्लॉटवाला म्हणणार घरटी करा. गल्लीची बैठक इथेच फुटते.

कोपऱ्यावरच्या प्लॉटचं आणखी वेगळं. त्याला दोन रस्ते लागतात, म्हणून दोन्हीकडची पूर्ण लांबी लावली तर ३३ बाय ३३ च्या गुंठ्यावर दोन्ही रस्ते मिळून १ लाख ८१ हजार होतात. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आडव्या बाजूची लांबी निम्मीच धरतात. तसं केलं तर १ लाख ३६ हजारांच्या आत येतं. आपल्याकडे कोपऱ्याचा प्लॉट म्हणजे दुकानाचे गाळे. दोन्ही बाजूंना शटर उघडत असतील तर निम्म्याची सवलत कशासाठी, असा प्रश्न शेजारी विचारणारच, आणि त्यात तथ्य आहे.

पण खरी कसोटी मागच्या घराची. २० बाय ५४ चा गुंठा दोन भावांत वाटला जातो. पुढचा भाऊ १६ फूट फ्रंटेज ठेवतो, बाजूने ४ फुटांचा बोळ मागच्याला सोडतो. फ्रंटेजच्या सूत्राने पुढच्यावर ४३,९००, मागच्यावर ११,०००. आता बघा, मागच्या घराची मोटारसायकल, पाण्याचा टँकर, लग्नाचा मांडव, सगळं याच रस्त्यावर. रस्ता त्याला पुढच्याइतकाच लागतो. उलट त्याच्या घराची किंमत फार वाढत नाही, कारण चार फुटांच्या बोळातून आत चारचाकी जात नाही. बँक कर्ज द्यायलाही कुरकुरते. वापराने मोजलं तर तो जास्त देणं लागतो, लाभाने मोजलं तर कमी. कायद्याचं तत्त्व लाभाचं आहे, गल्लीचा न्याय वापराचा. माझा कौल अशा ठिकाणी मूळ गुंठा एकच धरून दोघांनी निम्मं-निम्मं भरावं असा आहे, पण तो भावाभावांनी मान्य केला तरच. कागदावर दोघांची मिळकत वेगळी झाली की सूत्र ऐकत नाही.

हे सगळं गणित रस्ता नीट बांधला जाईल असं धरून. मराठवाड्यात तो का बिघडतो हे कळल्याशिवाय वाट्याचा आकडा बोलण्यात अर्थ नाही.

खाली काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की फाटते, भिजल्यावर तिची वजन पेलण्याची ताकद, म्हणजे सीबीआर, दोन-तीन टक्क्यांवर येते. वर कितीही चांगलं काँक्रीट घाला, खालचा थर वर-खाली होत राहिला तर स्लॅब तडकणारच. म्हणून निदान दीड फूट माती काढायची, चिकट नसलेला कठीण मुरूम १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत पाणी मारून दाबायचा, वर पीसीसी किंवा डीएलसीचा, म्हणजे कमी सिमेंटच्या साध्या काँक्रीटचा थर, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, मग एम-३० ग्रेडचं मजबूत काँक्रीट. आपल्या १०० मीटरच्या गल्लीत दीड फूट खोदाई म्हणजे २७० घनमीटर माती बाहेर न्यायची आणि हायवांनी मुरूम आत आणायचा.

कंत्राटदार टाळतो ते नेमकं हेच. काळी माती टाकायला जागा नसते. आणि खाली फूट-दीड फुटावर घरोघरचे नळ, जुन्या वाहिन्या, केबली. जेसीबीचा दात लागला की फुटतात, मग गल्ली भांडायला येते. त्यापेक्षा जुन्या रस्त्यावरच ओतलेलं सोपं. रस्ता उंच होण्याचं मूळ इथे आहे. इस्टिमेट मागून बघा: खोदाईची बाब शून्य किंवा नावापुरती असेल, तर रस्ता सहा-आठ इंच वर येणार हे काम सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं आहे.

काँक्रीटची जाडी चोरली जाते तीही मोजता येते. ६०० चौरस मीटरला १५ सेंटीमीटर जाडी म्हणजे ९० घनमीटर. ६ घनमीटरच्या १५ गाड्या. १२ सेंटीमीटर ओतलं तर १२ गाड्यांत काम होतं. ओट्यावर बसून गाड्या मोजायला अभियंता लागत नाही. ट्रान्झिट मिक्सरच्या चलानावर घनमीटर आणि ग्रेड लिहिलेली असते, तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

मग कटिंग. ६ मीटर रुंदीला मधोमध एक उभा जॉइंट आणि आडवे साडेतीन मीटरच्या आत. कटरने जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत, म्हणजे चार-पाच सेंटीमीटर कापायचं. मे महिन्यात सकाळी ओतलेलं काँक्रीट त्याच संध्याकाळी-रात्री कापलं पाहिजे. ‘उद्या मशीन येईल’ म्हणाले की समजावं, तडा स्वतःच्या वाटेने जाईल, वेडावाकडा, कुणाच्या तरी गेटसमोरून. आणि चौदा दिवस आळी करून पाणी. उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या शहरात हे पाणी कुठून येणार, याचं उत्तर इस्टिमेटमध्ये टँकर म्हणून असतं आणि रस्त्यावर बहुधा दोन दिवसांच्या ओल्या गोणपाटात संपतं.

शेवटची खोड नळाची. रस्ता झाला की महिनाभरात कुणीतरी अर्धा इंची कनेक्शनसाठी फूटभर रुंद चर मारतो, तीच काळी माती परत लोटतो, वर सिमेंटचा हात फिरवतो. पहिल्या पावसाळ्यात चर बसते, मग प्रत्येक चाक तिथे आपटतं. संभाजीनगरात जायकवाडीच्या नव्या पाणी योजनेच्या वाहिन्या गल्लीगल्लीत टाकताना हेच मोठ्या मापाने घडतं. मालकांकडून पैसे घेणाऱ्या मिनेसोटातल्या काही शहरांत रस्ता उखडला की घराघरांच्या जुन्या जोडण्याही त्याच वेळी बदलून घेतात, कारण पुढची बरीच वर्षं तिथे कुदळ लागू द्यायची नसते. आपल्या गल्लीत एवढं तरी करता येतं: काँक्रीटआधी प्रत्येक प्लॉटच्या हद्दीपर्यंत, रिकाम्या प्लॉटच्यासुद्धा, नळ आणि ड्रेनेजचं तोंड आणून टोपण लावून ठेवायचं, आणि दर दोन प्लॉटांमागे एक ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप आडवा गाडायचा, पुढे केबल किंवा नळ त्यातून ओढायला. रिकाम्या प्लॉटचा मालक पुण्या-मुंबईला असतो, तो पैसे देत नाही, म्हणून त्याची जोडणी राहते, आणि दोन वर्षांनी तोच घर बांधायला आला की पहिली चर त्याचीच. वाटा वसूल करण्याची सक्ती कुठे हवी असेल तर या रिकाम्या प्लॉटवर. रस्त्याने त्याची किंमत सगळ्यात जास्त वाढते, आणि त्याला पायरी बुडण्याची भीतीही नसते.

पायरीची भीती ज्यांना आहे त्यांच्यासाठी एक काम बैठकीआधी करून ठेवावं. लेव्हल पाईप घ्यायचा, गल्लीच्या दोन टोकांच्या ठरलेल्या उंच्यांवरून दोरी ताणायची, आणि काम झाल्यावर रस्ता जिथे येणार त्या उंचीवर प्रत्येक घराच्या भिंतीवर लाल रंगाने आडवी रेघ मारायची. बिलाच्या आकड्याआधी लोकांनी ती रेघ बघावी. बहुतेक घरांवर ती जोत्याच्या खाली, पायऱ्यांवरून जाईल. दोन-चार घरांवर ती उंबऱ्याच्या वर असेल. त्या दोन-चार घरांचा वाटा किती धरायचा, हे बैठकीत पहिल्यांदा ठरवावं, आणि तो शून्याच्या कुठल्या बाजूला येतो ते लिहून ठेवावं.